हार्लेमच्या गुन्हेकथा वाचताना पैशाचा माग काढा

प्रश्न असा आहे: "चँडलर आणि हॅमेट वाचून झाले, फार आवडले. म्हणून चेस्टर हाइम्सची, न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या हार्लेम वस्तीवरची 'अ रेज इन हार्लेम' घेतली. रहस्य म्हणावं असं त्यात फारसं नाही, मारामारी भयंकर, भलत्या ठिकाणी हसू येतं आणि दोघे डिटेक्टिव्ह बराच वेळ दिसतच नाहीत. याला हार्डबॉइल्ड म्हणायचं का? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या शहरी जगण्यावरच्या गुन्हेकथा वाचायच्या तर कुठून सुरू करायच्या आणि वाचताना काय बघायचं?"

मी गुन्हेकथा लिहिते, इतरांची हस्तलिखितं संपादित करते आणि नव्याने लिहिणाऱ्यांना जी पुस्तकं हमखास वाचायला देते त्यांत हाइम्स असतोच. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: हो, हे हार्डबॉइल्डच आहे, म्हणजे रस्त्यावरच्या हिंसेची, हळवेपणा न करणारी कठोर गुन्हेकथा, आणि माझ्या मते त्या प्रकारातलं सर्वांत प्रामाणिक लेखन आहे. चँडलर वाचताना आपण खून कोणी केला ते शोधत असतो. हाइम्स वाचताना पैसे मुळात कोणाचे होते आणि आत्ता कोणाकडे आहेत एवढंच शोधत राहा. विनोद, हिंसा, डिटेक्टिव्हांची गैरहजेरी, सगळं त्या एका धाग्यावर ओवलेलं दिसेल.

तुमच्याच पुस्तकापासून सुरू करू. जॅक्सन हा अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या दुकानात नोकरीला असलेला साधा, देवभोळा माणूस. एक टोळी त्याला पटवते की विशिष्ट रासायनिक कागदात दहाच्या नोटा गुंडाळून ओव्हनमध्ये भाजल्या की त्या शंभराच्या होतात. तो आपली सगळी बचत, १५०० डॉलर, त्यांच्या हवाली करतो. स्टोव्हचा स्फोट होतो, त्याच वेळी मार्शल म्हणवणारा एक जण आत घुसतो, बाकीचे पळून जातात आणि जॅक्सन एकटा सापडतो. सुटायला लाच हवी. म्हणून तो मालकाच्या तिजोरीतून ५०० डॉलर उचलतो. त्यातले २०० मार्शलला जातात. उरलेल्या पैशांवर जुगार खेळून मालकाची रक्कम भरून काढावी असं त्याला वाटतं, आणि तेही जातात. हे सगळं पहिल्या काही पानांतच घडतं. यात कोडं कुठेच नाही. वाचकाला फसवणूक दिसत असते, जॅक्सनला दिसत नसते, कारण त्याला ती दिसून परवडणारच नाही. हसू येतं ते इथे, आणि पाठोपाठ घशात काहीतरी अडकतं.

आता १५०० या आकड्याकडे बघा. चँडलरच्या कादंबऱ्यांत तेलविहिरींचे मालक असतात, जेडचा हार असतो, वारसाहक्क असतात. त्याचा खासगी डिटेक्टिव्ह मार्लो दिवसाला २५ डॉलर आणि वर खर्च घेतो, पटलं नाही तर पैसे परत करून आपल्या ऑफिसात जाऊन बसतो. पैशापासून दूर होण्याची ही मुभा हीच त्याची नैतिकता. हाइम्सच्या हार्लेममध्ये ही मुभा कोणालाच नाही. तिथली रक्कम लहान असते आणि ती कोणाची तरी अख्खी पुंजी असते. म्हणून तिथली हिंसा इतकी अंगावर येते. सुरा काढणाऱ्याला मागे हटून दुसरं काही करता येण्याजोगं शिल्लकच नसतं.

'कॉटन कम्स टू हार्लेम' (१९६५) मध्ये हीच गोष्ट मोठ्या पटावर येते. डीक ओमॅली नावाचा रेव्हरंड ८७ कुटुंबांकडून प्रत्येकी १००० डॉलर घेतो, आफ्रिकेला परत नेण्याच्या बोलीवर. सभा ऐन रंगात असताना बंदूकधारी गोरे येतात आणि ८७,००० डॉलर लुटून नेतात. पुढचं पुस्तक म्हणजे त्या पैशांचा आणि कापसाच्या एका गठ्ठ्याचा पाठलाग. ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. आफ्रिकेकडे परत चला अशी हाक देणारा कृष्णवर्णीय नेता मार्कस गार्वी याने १९१९ मध्ये ब्लॅक स्टार लाइन ही जहाज कंपनी काढली होती. पाच पाच डॉलरचे शेअर हजारो गरीब माणसांनी विकत घेतले. १९२२ मध्ये कंपनी बंद पडली आणि १९२३ मध्ये टपालाद्वारे फसवणूक केल्याबद्दल गार्वीला दोषी ठरवण्यात आलं. गार्वी भामटा नव्हता, त्याच्यावरच्या खटल्यामागे राजकारण होतं असं मानणारे पुष्कळ आहेत आणि मीही त्यांच्यातली आहे. हाइम्सचा ओमॅली मात्र शंभर टक्के भामटा आहे. गार्वीवर भाबडा विश्वास टाकणाऱ्यांची मुलं-नातवंडं पुन्हा एकदा पैसे घेऊन रांगेत उभी राहतात, आणि लेखक त्यांची टर उडवत नाही. त्यांचे पैसे परत मिळाले पाहिजेत ही त्या दोन डिटेक्टिव्हांची तळमळ आहे. खुनी पकडण्यापेक्षा ती मोठी आहे.

आता हे दोघे. कॉफिन एड जॉन्सन आणि ग्रेव्ह डिगर जोन्स. लांब नळीची, निकेल चढवलेली .३८ रिव्हॉल्व्हरं, एक साधी गाडी आणि वर गोरा लेफ्टनंट अँडरसन. पहिल्याच पुस्तकात हाइम्स त्यांच्याबद्दल जे सांगतो ते नीट वाचा. गरजेच्या म्हणता येतील अशा धंद्यांशी, म्हणजे जुगाराचे अड्डे, वेश्यागृहं, आकडा लिहिणारे आणि आकड्याचे बँकर यांच्याशी, त्यांचं जमतं, त्यांच्याकडून ते वाटाही घेतात. पाकीटमार, घरफोडे, लुबाडणारे आणि भोळ्याभाबड्यांना फसवणारे मात्र त्यांच्या तावडीतून सुटत नाहीत. पुस्तकातल्या कायद्यापेक्षा हा कायदा वेगळा आहे. गरिबाचा पैसा गरिबांतच फिरत राहिला तर चालेल, तो कोणी एकगठ्ठा पळवला तर चालणार नाही. न्यूयॉर्क पोलीस दलात सॅम्युएल बॅटल हे कृष्णवर्णीय अधिकारी १९११ मध्ये रुजू झाले, तरी पुढे कित्येक दशकं कृष्णवर्णीय पोलिसाला वर चढायला वाट अरुंदच होती. एड आणि डिगर मालिकाभर डिटेक्टिव्हच राहतात. वस्तीसाठी ते पोलीस असतात आणि ठाण्यात मात्र काळे.

यातून जो तणाव तयार होतो त्यावर 'द रिअल कूल किलर्स' (१९५९) उभी आहे, आणि माझ्या मते या मालिकेतल्या आठ कादंबऱ्यांत ती सर्वांत घट्ट विणलेली आहे. हार्लेमच्या रस्त्यावर एक गोरा माणूस मारला जातो. ज्याच्या हातात पिस्तूल सापडतं त्याच्या पिस्तुलातून खरी गोळी सुटूच शकत नाही. कॉफिन एडच्या चेहऱ्यावर आधीच्या पुस्तकात ॲसिड फेकलेलं असतं. इथे एक पोरगा त्याच्यावर अत्तर उडवतो आणि एड त्याला गोळी घालतो. लगेच निलंबन. डिगर एकटा पडतो. शेवटी काय झालं हे कळतं, पण जे कळतं ते आणि सरकारी कागदावर जे लिहिलं जातं ते वेगळं असतं, आणि तसं ते वेगळं ठेवावं असा निर्णय एक पोलीस घेतो. तो निर्णय बरोबर की चूक यावर मी विद्यार्थ्यांना तासन् तास भांडताना बघितलं आहे. सत्य सापडलं म्हणजे व्यवस्था लागली, हे इंग्लिश रहस्यकथेचं गृहीतक. हॅमेटने त्याला तडा दिला होता. हाइम्स ते मोडूनच टाकतो.

आकड्याचा उल्लेख आला म्हणून जरा थांबते, कारण तो कळला नाही तर या पुस्तकांतलं निम्मं बोलणं डोक्यावरून जातं. हार्लेममध्ये याला 'नंबर्स' म्हणत. तीन अंकी संख्या निवडायची, पाच-दहा सेंटही लावता येत. रनर घरोघर फिरून चिठ्ठ्या गोळा करायचा, त्याच्यावर कंट्रोलर, त्याच्यावर बँकर. लागण्याची शक्यता हजारात एक, पैसे मात्र साधारण सहाशेपट. मधला फरक बँकरचा. १९२० च्या दशकात विजयी आकडा न्यूयॉर्क क्लिअरिंग हाउसच्या रोजच्या उलाढालीच्या आकड्यांवरून काढत. तो वर्तमानपत्रात छापून येई, त्यामुळे त्यात कोणी हात घालू शकत नाही असा लोकांचा विश्वास होता. मुंबईचा मटकाही सुरुवातीला याच शहरावर चालायचा: न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव तारेने येत आणि त्यावर आकडा लागे. तिकडून भाव येणं १९६१ मध्ये थांबलं, तेव्हा मडक्यातल्या चिठ्ठ्या आल्या. दोन्हीकडे गरीब माणूस श्रीमंतांच्या बाजाराच्या शेपटाला धरून आपलं नशीब आजमावत होता. हार्लेममध्ये तर स्वप्नात काय दिसलं तर कोणता आकडा लावायचा हे सांगणारी पुस्तकं खपत. हाइम्सच्या 'द बिग गोल्ड ड्रीम' (१९६०) मध्ये स्वप्न, आकडा आणि कुठेतरी दडवलेला पैसा हे तिन्ही एकत्र आले आहेत.

आणखी एक. नंबर्सचे बँकर वस्तीत केवळ गुन्हेगार म्हणून ओळखले जात नसत. बँका जिथे कृष्णवर्णीयांना कर्ज देत नव्हत्या तिथे हेच लोक दुकानाला भांडवल देत, घराला पैसे देत. स्टेफनी सेंट क्लेअर ही बाई त्यांतली नावाजलेली. १९३० च्या दशकात डच शुल्ट्झच्या टोळीने हा धंदा बळजबरीने ताब्यात घ्यायला सुरुवात केली, तेव्हा तिने त्याच्याशी उघड झुंज घेतली. एड आणि डिगर आकडेवाल्यांना का सोडतात, याचं उत्तर या इतिहासात आहे.

हाइम्सला हे सगळं कुठून कळलं? हार्लेममधून थोडंच. मिझुरीतल्या जेफरसन सिटीत १९०९ मध्ये जन्म, आई-वडील दोघेही शिक्षक. ओहायो स्टेट विद्यापीठातून काढून टाकल्यावर क्लीव्हलँडच्या जुगारी अड्ड्यांत वावर. १९२८ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, एका श्रीमंत जोडप्याच्या घरात पिस्तूल घेऊन शिरला, दागिने आणि रोकड घेऊन शिकागोला पळाला आणि दागिने मोडायला गेला तिथे पकडला गेला. शिक्षा झाली २० ते २५ वर्षं सक्तमजुरीची. ओहायो पेनिटेन्शरीत त्याने त्यातली सुमारे साडेसात वर्षं काढली. २१ एप्रिल १९३० रोजी त्या तुरुंगात आग लागली. क्षमतेच्या कितीतरी पट कैदी कोंबलेले, कोठड्या वेळेत उघडल्या गेल्या नाहीत आणि तीनशेहून जास्त माणसं मेली. हाइम्सने ती आग आतून पाहिली. तिच्यावरची त्याची कथा १९३४ मध्ये 'एस्क्वायर' मासिकात आली. तुरुंगातच तो 'ब्लॅक मास्क' हे गुन्हेकथांचं स्वस्त नियतकालिक वाचायचा, हॅमेट वाचायचा. या लेखनप्रकाराची शिकवणी त्याला कोठडीत मिळाली असं म्हणायला हरकत नाही.

सुटल्यावर त्याने गुन्हेकथा लिहिल्या नाहीत. युद्धकाळात लॉस एंजेलिसच्या जहाजबांधणी कारखान्यांत काम केलं आणि त्यावर 'इफ ही हॉलर्स लेट हिम गो' (१९४५) लिहिली. गोऱ्या सहकाऱ्यांमध्ये मुकादम म्हणून काम करणाऱ्या कृष्णवर्णीयाला रोज सकाळी उठताना जी धडकी भरते तिची ती कादंबरी. अमेरिकेत त्याच्या गंभीर कादंबऱ्या फार चालल्या नाहीत. १९५३ मध्ये तो फ्रान्सला गेला. तिथे गाठ पडली मार्सेल दुहामेलशी. गालिमार प्रकाशनाची 'सेरी नुआर' ही गुन्हेकथांची माला दुहामेलने १९४५ मध्ये सुरू केली होती, आणि हाइम्सच्या पहिल्या कादंबरीचा फ्रेंच अनुवादही त्यानेच केला होता. त्याने हाइम्सला गुन्हेकादंबरी लिही असं सांगितलं. हाइम्स कफल्लक होता, आगाऊ रक्कम हवी होती. दुहामेलने दिलेला सल्ला मी माझ्या प्रत्येक कार्यशाळेत सांगते: कृतीने सुरुवात कर, माणूस काय विचार करतो ते नको, काय करतो ते दाखव, प्रत्येक प्रसंग डोळ्यांना दिसला पाहिजे. त्यातून झालेलं पुस्तक फ्रेंचमध्ये 'ला रेन दे पोम' नावाने आलं आणि १९५८ मध्ये त्याला फ्रान्सचा गुन्हेसाहित्याचा मोठा पुरस्कार मिळाला. स्वतःच्या देशात ते एका स्वस्त पेपरबॅक मालेत निघालं होतं.

म्हणजे हार्लेमचं हे महाकाव्य पॅरिसमध्ये बसून, पैशासाठी, क्लीव्हलँडच्या अड्ड्यांच्या आणि ओहायोच्या तुरुंगाच्या आठवणींवर लिहिलं गेलं. आपलं हार्लेम खरं असावं असा आपला हेतू नव्हता, हे हाइम्सने आत्मचरित्रात स्वतः सांगितलं आहे. ते हार्लेम निदान पुस्तकात तरी गोऱ्यांच्या हातून काढून घ्यायचं होतं, असं त्याचं म्हणणं. काही समीक्षक याला उणेपणा मानतात. मला ते पटत नाही. रस्ते त्याने चोख ठेवले आहेत: १२५ वा रस्ता, लेनॉक्स अव्हेन्यू, सेव्हन्थ अव्हेन्यू, पार्क अव्हेन्यूवरच्या रेल्वे पुलाखालचा बाजार. त्या नकाशावर माणसं मात्र फुगवलेली आहेत. जॅक्सनचा जुळा भाऊ गोल्डी ननचा वेश करून रस्त्यावर स्वर्गाची तिकिटं विकतो आणि पोलिसांचा खबऱ्याही असतो. 'द क्रेझी किल' मध्ये एक रेव्हरंड खिडकीतून पडतो तो थेट पावांच्या टोपलीत. चौक इतके खरे असल्यामुळेच हा अतिरेक पचतो. लिहिणाऱ्यांनी हे प्रमाण अभ्यासावं.

त्याच्या रचनेतली एक युक्ती मला फार उपयोगी पडली आहे. हाइम्स एक वस्तू घेतो आणि ती हातोहात फिरवतो. सोन्याच्या खनिजाने भरलेली म्हणून सांगितलेली पेटी, कापसाचा गठ्ठा, नाण्यांची थैली. ती ज्या ज्या हातात जाते तो हात हार्लेमचा एकेक धंदा उघडून दाखवतो: अंत्यविधीवाला, भंगारवाला, धर्मोपदेशक, गहाणवटीचं दुकान, दारूचा गुत्ता. शहराचं वर्णन करायला लेखकाला वेगळं थांबावंच लागत नाही. मार्लोच्या कादंबऱ्यांत आपण डिटेक्टिव्हच्या पाठीमागून शहर बघतो. इथे वस्तूच्या पाठीमागून बघतो. डिटेक्टिव्ह बराच वेळ दिसत नाहीत ही तुमची तक्रार होती. ते नसतात तेव्हा आपण त्या पेटीबरोबर असतो.

आता थोडं मागे. हा सगळा प्रकार मुळात गोऱ्यांचा आणि कृष्णवर्णीय लेखक त्यात उशिरा शिरले, असं सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. वंशाचा प्रश्न या प्रकाराच्या पाळण्यातच होता. 'ब्लॅक मास्क' ने १ जून १९२३ चा अंक कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या विषयाला वाहिला होता, आणि हार्डबॉइल्डचा पहिला नायक म्हणावा असा रेस विल्यम्स याच अंकात, क्लॅनविरुद्ध लढत, अवतरला. चँडलरची १९४० ची 'फेअरवेल, माय लव्हली' सुरू होते ती लॉस एंजेलिसच्या सेंट्रल अव्हेन्यूवरच्या कृष्णवर्णीयांच्या बारमध्ये. तिथला व्यवस्थापक मारला जातो, पोलिसांना त्या खुनाची किंमत वाटत नाही, आणि कादंबरीही लवकरच दुसऱ्या, श्रीमंत वस्तीकडे वळते. तुम्ही ती वाचली असेल तर सुरुवातीची प्रकरणं पुन्हा वाचा. मेलेल्या त्या माणसाची गोष्ट कोणी सांगितलीच नाही. पुढचे कृष्णवर्णीय लेखक त्या बारमध्येच थांबून राहिले.

त्यांच्याही आधी रुडॉल्फ फिशर होता. हार्लेममधला डॉक्टर, क्ष-किरण तज्ज्ञ. त्याची 'द कन्जुर-मॅन डाइज' १९३२ ची. सगळी पात्रं कृष्णवर्णीय, हार्लेमचा कृष्णवर्णीय पोलीस डिटेक्टिव्ह आणि त्याच्या जोडीला डॉक्टर. ती हार्डबॉइल्ड नाही, कोड्याची कादंबरी आहे, पण तिच्यातल्या गप्पा आणि थट्टामस्करी ऐकली की हाइम्सचा विनोद कोणत्या परंपरेतला ते कळतं. फिशर १९३४ मध्ये अवघ्या ३७ व्या वर्षी गेला.

हाइम्सनंतर वाट दुभंगते. एक जाते हॉलोवे हाउसकडे. लॉस एंजेलिसचं हे गोऱ्या मालकांचं प्रकाशन. १९६५ मध्ये तिथल्या वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीत झालेल्या उद्रेकानंतर कृष्णवर्णीय वाचक हा मोठा बाजार आहे हे त्यांनी हेरलं. १९६७ मध्ये त्यांनी आइसबर्ग स्लिमचं 'पिंप' काढलं, आणि ते वाचून डेट्रॉइटच्या डोनाल्ड गॉइन्सला तुरुंगात लिहिण्याची वाट सापडली. हेरॉइनच्या व्यसनात अडकलेल्या या माणसाने काही थोड्या वर्षांत १६ कादंबऱ्या लिहिल्या. ऑक्टोबर १९७४ मध्ये डेट्रॉइटलगतच्या हायलँड पार्कमध्ये, राहत्या घरी, त्याला आणि त्याच्या जोडीदारीणीला कोणीतरी गोळ्या घातल्या. त्या खुनाचा उलगडा झाला नाही.

गॉइन्सची भाषा ओबडधोबड आहे, घाई पानापानावर दिसते. तरीही 'डोपफीन्ड' (१९७१) वाचाच. चांगल्या घरातली, दुकानात नोकरी करणारी मुलगी व्यसनाला लागते तेव्हा रोजचा खर्च वाढत जातो, पगार पुरत नाही, मग दुकानातली चोरी, मग त्याहून पुढचं. प्रत्येक पायरी पैशाच्या हिशोबाने येते. हाइम्सकडे या हिशोबाच्या वर एक खदखदतं हास्य असतं. गॉइन्सकडे ते नाही, कारण तो स्वतः त्याच हिशोबात अडकून लिहीत होता. ही पुस्तकं मोठ्या वर्तमानपत्रांच्या परीक्षणांत क्वचितच आली, पण केशकर्तनालयांत, दारूच्या दुकानांत आणि तुरुंगांत वाचली गेली, आणि पुढे हिप-हॉपच्या पिढीने त्यांना आपलं मानलं.

दुसरी वाट वॉल्टर मोझलीची. 'डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस' (१९९०). साल १९४८, लॉस एंजेलिस. इझी रॉलिन्स युद्धातून परतलेला, मूळचा टेक्सास-लुइझियाना भागातला, विमानाच्या कारखान्यातून नुकताच काढून टाकलेला. त्याचं स्वतःचं छोटं घर आहे आणि त्याचा हप्ता भरायचा आहे. एक गोरा माणूस बारमध्ये येऊन एका बाईला शोधून देण्याचं काम देतो आणि इझी ते घेतो, केवळ त्या हप्त्यासाठी. अनेक वस्त्यांत कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही असं खरेदीखतातच लिहिलेलं असे, आणि असे करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नेमका १९४८ चा. ही पार्श्वभूमी ठाऊक असली की इझी आपल्या अंगणाबद्दल, फुलझाडांबद्दल बोलतो तेव्हा त्याचं वजन कळतं. मार्लोला भाड्याची खोली पुरते. इझीला घर हवं आहे, ते टिकवायचं आहे, आणि त्यासाठी तो तडजोडी करतो. पुढच्या पुस्तकांत तर तो घरमालक होतो आणि ते लपवून स्वतःला साफसफाई करणारा म्हणवतो. 'लिटल स्कार्लेट' (२००४) मध्ये १९६५ चा वॉट्स उद्रेक नुकताच शमलेला आहे, ३४ माणसं मेलेली आहेत, आणि जिथे पोलिसांना पाऊल टाकता येत नाही तिथे त्यांना इझीची गरज पडते. मालिकेतलं मला सर्वांत आवडणारं पुस्तक ते.

या परंपरेत एक मोठी खोट आहे आणि ती झाकून ही पुस्तकं सुचवणं मला जमणार नाही. बायका. हाइम्सकडे त्या बहुधा आमिष असतात, उजळ कांतीच्या, देखण्या, दगा देणाऱ्या. त्यांना मारहाण होते आणि लेखक ते फार सहज लिहून जातो. आइसबर्ग स्लिम आणि गॉइन्स यांच्याकडे तर बाई हीच धंद्याचा माल. म्हणून या पुस्तकांच्या शेजारी ॲन पेट्रीची 'द स्ट्रीट' (१९४६) ठेवा. तिला कोणी गुन्हेकथा म्हणत नाही, पण तिच्यात गुन्हा आहे आणि त्याच्याकडे नेणारी एकेक पायरी आहे. हार्लेमच्या ११६ व्या रस्त्यावर लहान मुलाला घेऊन एकटी राहणारी ल्यूटी जॉन्सन भाडं, जेवण, वीज यांचा हिशोब करत जगते. पैसे जिच्याकडे कधीच पोचत नाहीत तिच्या बाजूने हार्लेम कसं दिसतं ते इथे कळतं. पुढे बार्बरा नीलीने 'ब्लँच ऑन द लॅम' (१९९२) मध्ये घरकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय बाईला शोध घेणारी केलं. मालकांना ती दिसतच नाही, त्यामुळे तिला सगळं दिसतं.

मराठीशी याचा खरा धागा १९७२ चा. मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन, आणि त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे आपल्याकडे त्या काळात आस्थेने पाहिलं गेलं, पण त्यात कविता, आत्मचरित्रं आणि राजकीय लेखन पुढे होतं. गुन्हेकथा मागेच राहिली, बहुधा तिला करमणूक समजल्यामुळे. ज्यांनी 'गोलपिठा' वाचला आहे त्यांना हाइम्सची भाषा, तिचा राग आणि तिचं हसणं परकं वाटणार नाही.

वाचनाचा क्रम विचारलात. 'अ रेज इन हार्लेम' तुमच्याकडे आहेच, ती पैशाचा माग काढत पुन्हा वाचा. मग 'द रिअल कूल किलर्स', मग 'कॉटन कम्स टू हार्लेम'. त्यानंतर हाइम्स बाजूला ठेवून मोझलीचं पहिलं पुस्तक आणि 'द स्ट्रीट' वाचा. गॉइन्स नंतर, आणि मन घट्ट असेल तेव्हाच. हाइम्सचं 'ब्लाइंड मॅन विथ अ पिस्टल' (१९६९) सर्वांत शेवटी. त्यात एड आणि डिगरना कुठलंच प्रकरण शेवटापर्यंत नेऊ दिलं जात नाही, एक धागा दुसऱ्याला जुळत नाही, आणि आधीची पुस्तकं वाचलेली नसतील तर ते लेखकाच्या हातून सुटलेलं पुस्तक वाटेल. ती वाचलेली असतील तर कळेल की त्याने ते जाणूनबुजून सोडलं आहे. साठीच्या दशकाच्या शेवटी हार्लेममध्ये कोणत्याही गोष्टीचा एक गुन्हेगार दाखवता येईल, यावरचा त्याचा विश्वास उडाला होता.

विकत घेताना एक काळजी घ्या. हाइम्सची काही पुस्तकं दोन-दोन नावांनी मिळतात. 'फॉर लव्ह ऑफ इमाबेल' म्हणजे तुमच्याकडे असलेलं 'अ रेज इन हार्लेम' च, आणि 'कम बॅक, चार्ल्सटन ब्लू' या सिनेमाच्या नावाने निघालेलं पुस्तक म्हणजे 'द हीट्स ऑन'. जुन्या पुस्तकांच्या दुकानात नवं सापडलं म्हणून आनंदाने पैसे देण्याआधी पहिलं पान वाचून बघा.